पहारा माझ्याकडे

अडीच तासांत आपण धड एक किलोमीटरही चालणार नाही, हे मी फोनवरच सांगून टाकते. माथेरानचे पॉइंट बघायचे असतील तर घोडा आहे, अलीकडे ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत. माझ्याबरोबर यायचं तर एकही पॉइंट पदरात पडणार नाही. पलीकडून जरा वेळ काही आवाज येत नाही. मग विचारलं जातं, "मग करायचं काय?" झाडांत सावकाश फिरायचं, बसायचं, शेवटी चहा प्यायचा, मी सांगते. घड्याळाकडे, वाटेकडे आणि तुमच्याकडे लक्ष माझं.

या शेवटच्या वाक्यात माझं सगळं काम आलं.

मी पेशाने नर्स. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे काम करणाऱ्या माणसाचे कान घरी आल्यावरही ड्यूटीवरच असतात. शेजारच्या घरातला मिक्सर, खालच्या रस्त्यावरचा रिव्हर्स हॉर्न, कशानेही मी रात्री उठून बसायची आणि कुठल्या बेडचा अलार्म वाजला ते शोधायची. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, साखर तपासली, सगळं नॉर्मल. माथेरानला दोन दिवस काढले की मात्र फरक पडायचा. पहिला दिवस तसाच जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी लक्षात यायचं, की खांदे कानांपासून खाली उतरलेत. हे का होतं, याचा शोध घेता घेता मी वनस्नानापाशी पोचले आणि नोकरी सोडल्यावर त्याच्या मार्गदर्शकाचं प्रशिक्षण घेतलं.

वनस्नान जपानमधून आलं. १९८२ साली तिथल्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी लोकांना अंघोळीसारखं जंगलात न्हाऊन यायचं आवाहन केलं, त्याला ‘शिनरिन-योकू’ हे नाव दिलं. त्याची सुरुवात झाली नागानो प्रांतातल्या आकासावाच्या अरण्यात. तिथले हिनोकी वृक्ष तीनशे वर्षांच्या आसपासचे आहेत. ते टिकले याला कारण आहे. इसेचं शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठी लागणारं लाकूड, आकासावा ज्यात येतं त्या किसो खोऱ्यातलं. आणि जुन्या राजवटीत इथलं एक झाड तोडणाऱ्याला एका मुंडक्याची शिक्षा होती. आपल्याकडच्या देवरायांत देवाच्या कोपाचं भय होतं, तिथे सरदाराच्या तलवारीचं. धाक कसला का असेना, झाडं राहिली म्हणून पुढे माणसांना त्यांच्या सावलीत बसता आलं. आरोग्याच्या गप्पा मारताना लोक ही गोष्ट विसरतात. आधी कुणीतरी जंगल राखलेलं असावं लागतं.

माथेरानचंही तसंच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले आणि पुढे हे थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे आली. पण मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे आल्या नाहीत, आणि २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. मुंबईपासून इतक्या जवळ, आठशे मीटर उंचीवर, जांभूळ-हिरडा-अंजनीची दाट झाडी आणि मोटारींची घरघर नाही, अशी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. घोड्यांच्या टापा ऐकू येतात, माकडं पत्र्यावर धावतात, बाजाराच्या बाजूने आरडाओरडा येतो. निःशब्द शांतता मी कुणाला कबूल करत नाही. हॉर्न नाही, एवढंच कबूल करते, आणि मुंबईकराला ते पुष्कळ होतं.

आता वनस्नानाचा उपयोग काय, हे सगळेच विचारतात, आणि नर्स असल्यामुळे मला गुळमुळीत उत्तर देणं जमत नाही. जपानमध्ये २४ जंगलांत एक मोठा प्रयोग झाला. प्रत्येक ठिकाणी १२ तरुण घेतले. निम्म्यांना जंगलात पाठवलं, निम्म्यांना शहरात, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. तेवढंच चालणं, तेवढंच बसणं. जंगलातल्या दिवशी लाळेतलं कॉर्टिसॉल कमी भरलं, नाडी मंदावली, रक्तदाब उतरला. टोकियोतले डॉक्टर चिंग ली यांनी २००५ साली १२ नोकरदार पुरुषांना तीन दिवस जंगलात नेलं आणि रक्त तपासलं. विषाणूंशी आणि बिघडलेल्या पेशींशी लढणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ जास्त तरतरीत झालेल्या दिसल्या. झाडं हवेत जी वासाची द्रव्यं सोडतात, ज्यांना फायटनसाइड म्हणतात, त्यांचा यात हात असावा असं त्यांचं म्हणणं. मला हे अभ्यास महत्त्वाचे वाटतात. पण बारा माणसं म्हणजे बाराच माणसं, आणि तीन दिवस ऑफिस नसणं हेही एक औषधच आहे. हिनोकीच्या जंगलातलं निरीक्षण जांभळीच्या जंगलाला जसंच्या तसं लावणंही मला पटत नाही. म्हणून कुणी कॅन्सरबद्दल आशेने विचारलं तर मी स्पष्ट सांगते, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत. इथे या, बरं वाटेल, पण उपचारांची एकही तारीख चुकवू नका. गोळ्या बंद करण्याचा तर विषयच नाही. प्रेशर-शुगरची सकाळची गोळी घेतली का, हा माझा दस्तुरीवरचा पहिला प्रश्न असतो.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो एक जुना अभ्यास, आणि तो जंगलातला नाहीच. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांचे जुने कागद त्यांनी तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेसाठी कडक औषधं कमी लागली. पण मी थबकले ती पुढच्या मुद्द्यावर. उलरिकनी नर्सेस नोट्स वाचल्या होत्या. ‘रुग्ण अस्वस्थ, रडते आहे’, ‘खूप धीर द्यावा लागतो’ अशा नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांत कितीतरी जास्त होत्या. पाळी संपताना, पुढच्या सिस्टरला चार्ज देण्याआधी, दुखत्या पायांवर उभं राहून आम्ही हे खरडतो. कधी कुणी ते वाचेल, मोजेल, असं मनातही येत नाही. कुणा अनोळखी सिस्टरच्या त्या चार शब्दांनी खिडकीबाहेरच्या झाडाची बाजू मांडली, हे वाचून मला माझ्या हस्ताक्षरातल्या सगळ्या नोंदी आठवल्या. आमच्या वॉर्डातही एका बाजूला पर्जन्यवृक्ष होता आणि दुसऱ्या बाजूला डक्टचे पाइप.

फेरीच्या आदल्या दिवशी मी वाट पाहून येते. रामबागेच्या बाजूला किंवा शार्लोट तलावाच्या वरच्या झाडीत, जिथे घोड्यांची ये-जा कमी असेल तिथे. कडे-कपारींत आग्या मोहोळ असतं. कुठे बसलंय ते घोडेवाल्यांना विचारून घेते आणि त्या बाजूला फिरकत नाही. येणाऱ्यांना अत्तर, परफ्यूम लावू नका म्हणून बजावलेलं असतं. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा कुठे लोंबतायत ते बघते, कारण डोळे मिटून झाडाला हात लावा असं मी सांगणार, तर त्या झाडावर काय चढलंय हे मला माहीत हवं. पावसाळ्यात नवख्यांना नेतच नाही. मोबाइलला रेंज कुठे मिळते, रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते, माझ्या पाठीवरच्या पिशवीत काय काय आहे, हे सगळं मनात एकदा म्हणून घेते. सोबत एक स्थानिक मुलगा असतो, घोडेवाल्यांच्या घरातला. तो पुढे, मी सगळ्यांच्या शेवटी.

जमल्यावर मी पाच-सात वाक्यांपलीकडे बोलत नाही. आधी सगळे तांबड्या मातीवर पाय जरा फाकवून उभे राहतात, ज्यांना चालेल ते डोळे मिटतात. आवाज जवळचा कुठला, लांबचा कुठला. वास कसला येतोय. मग मी म्हणते, "इथे काय काय हलतंय ते बघत सावकाश चला." एवढंच. याला आमच्या प्रशिक्षणात निमंत्रण म्हणतात आणि ते निमंत्रणच राहायला हवं. एखाद्याला नुसतं उभं राहायचं असेल तर तेही चालतं. पहिली दहा मिनिटं माणसं अवघडलेली असतात. एकमेकांकडे बघून वेग ठरवतात, खिशाला हात लावतात, माझ्याकडे वळून ‘बरोबर करतोय ना’ असं बघतात. त्यात काही मुद्दाम करावं लागत नाही, ते आपोआप ओसरतं. ओसरतं याचं कारण झाडं आहेतच. पण मला अनुभवाने असंही वाटत आलंय, की कुणीतरी राखण करतंय ही खात्री पटल्याशिवाय माणूस सैल पडत नाही. एकटं जंगलात जाणारी बाई किती शांत बसू शकते? वाट चुकेल, कुणी येईल, साप असेल, उशीर होईल. तिचे कान उभेच.

मार्चमधल्या एका फेरीला एक बसचालक आले होते. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. मुलीने नाव नोंदवलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. उंचेपुरे, शर्ट इन केलेला, बूट पॉलिश केलेले. चालताना ते दर काही पावलांनी मान वळवून मागे बघत. आधी उजवीकडून, मग डावीकडून. काही वेळाने थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढे व्हा ना, मागे कोणी असलं की मला बघावं लागतं." मी म्हटलं, "काका, मागे मीच आहे, आणि माझ्या मागे कुणी नाही. मी बघतेय." त्यांनी मान डोलावली, पण मान वळणं सुरूच राहिलं. मग मी त्यांच्या मागे पाच-सहा पावलांवर राहून मुद्दाम पाचोळ्यात पाय वाजवत चालायला लागले. मी आहे, हे त्यांना कानाने कळत राहावं म्हणून. रुग्णाकडे पाठ करून औषध भरतानाही आम्ही बोलत राहतो, ते याचसाठी.

वळणावर एक अंजनी फुललेली होती. अंजनीचं खोड काटक, पानं जाड आणि चकचकीत, आणि फुलायच्या दिवसांत फांद्यांनाच चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात. पानांआड, लाकडाला लगटून. फूल नखाएवढंही नसतं. चालक काका तिथे थांबले. हात पाठीमागे बांधले आणि वाकून बघू लागले. बारक्या मधमाश्या एका गुच्छावरून दुसऱ्यावर जात होत्या, काही फुलांना टाळत होत्या. बाकीचे पुढे गेले, आमच्याबरोबरच्या स्थानिक मुलाने त्यांना पुढच्या मोकळ्या जागेत बसवलं. मी पाय वाजवणं थांबवलं. काका हलले नाहीत. त्यांच्या मानेची उजवीकडची शीर मला मघापासून ताणलेली दिसत होती, ती आता दिसेना. आमची फेरी त्या अंजनीपाशीच जवळपास संपली, कारण त्यांना तिथून हलवायचं माझ्या मनात नव्हतं. चहाच्या वेळी बोलायची त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं काचेतून समोर बघितलं. पण बघितलं ते काय आडवं येतंय एवढंच." आणि कप पुढे केला.

त्या दिवशी त्यांचं प्रेशर किती उतरलं, मला माहीत नाही. यंत्र पिशवीत असतं, ते कुणाला गरगरलं तर वापरण्यासाठी. फेरीआधी-फेरीनंतर मोजून दाखवा, असा आग्रह बरेचजण धरतात. मी नाही म्हणते. आकडा यायचा आहे म्हटलं की माणूस परीक्षेला बसतो, आणि परीक्षेला बसलेल्याचं प्रेशर काय होतं ते मी पुष्कळ बघितलंय.

घरी कुणाचं तरी दुखणं काढणारी माणसं माझ्याकडे जास्त येतात. एक ताई आल्या होत्या, आईला स्मृतिभ्रंश, बरीच वर्षं झालेली. इतरांचे फोन आम्ही कापडी पिशवीत ठेवतो. त्यांनी तो हातातून सोडला नाही आणि मी मागितलाही नाही. बाजूला घेऊन विचारलं, घरी कोण आहे, आईंना कुठली औषधं, काय झालं तर फोन येईल, किती वाजता येईल. सगळं माझ्या वहीत लिहून घेतलं. मग म्हटलं, हा फोन माझ्याकडे द्या, मी घेते, आणि तुम्हाला उठवण्यासारखं असेल तर लगेच उठवते. मी नर्स आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं कुणी त्यांना बहुधा म्हटलेलंच नसावं. फोन माझ्या हातात आला तेव्हा तो गरम होता.

बसायची वेळ झाली. प्रत्येकाने आपापली जागा निवडून वीसएक मिनिटं नुसतं बसायचं असतं. ताई एका जांभळीला टेकून बसल्या आणि पाच मिनिटांत झोपल्या. तोंड किंचित उघडं, चप्पल निसटलेली. नेमका तेव्हाच फोन थरथरला. आईंना सांभाळायला ठेवलेल्या ब्यूरोच्या बाईंचा होता. दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर? ताईंनी सांगितलं होतं की फ्रिजवर तक्ता लावलाय. मी तो बाईंना वाचायला लावला, नंतरची आहे हे त्यांनीच वाचलं, आईंचं जेवण झालं की द्या म्हटलं, आणि वहीत वेळ टाकली. पुस्तकात म्हणे या वेळात इंद्रियं जागी व्हावीत. ज्या बाईची रात्रीची झोप वर्षानुवर्षं चार तुकड्यांत होते, तिला मी कशाला जागं करू? बाकीच्यांना चहासाठी खुणेने बोलावलं आणि ताईंना अजून पंधरा मिनिटं दिली. उठल्यावर त्यांनी आधी फोन शोधला. मी वही दाखवली. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली, चार्ज घेणाऱ्या सिस्टरसारखी, आणि मगच कप हातात घेतला.

चहा मी गवती चहा घालून घरूनच आणते. परदेशात मार्गदर्शक वाटेवरची पानं खुडून त्याचा चहा करतात. इथे जंगलातलं पान तोडायला मनाई आहे आणि ती मला योग्य वाटते. पहिला कप जंगलाचा म्हणून जमिनीवर ओततो.

आम्ही असे बसलेले असताना एकदा पायथ्याच्या वाडीतली एक ठाकर आजी डोक्यावर टोपली घेऊन त्या वाटेने वर आली. बारा माणसं बारा झाडांखाली गप्प बसलेली बघून ती थांबली, टोपली उतरवली आणि मला हळूच विचारलं, "कोन गेलं का यांचं?" मी म्हटलं, नाही आजी, दमलीत, जरा बसलीत. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "बसू दे, बसू दे," म्हणाली, आणि मग आपणही धोंड्यावर टेकली. तिला चहा दिला. तिचे पाय मातीच्याच रंगाचे झाले होते. खाली नेरळपासून चढून आली होती, भाजी विकून पुन्हा उतरायची होती. तिच्यासारख्यांना जंगलात जायचा सल्ला कुणी देत नाही; त्यांचं दमणं मोजायला कुणी कॉर्टिसॉलच्या नळ्या घेऊन येत नाही. वनस्नान हजारो रुपयांच्या पॅकेजात, रिसॉर्टच्या माहितीपत्रकात जाऊन बसलेलं मी बघते तेव्हा मला राग येतो. इंग्लंडमधल्या वीसेक हजार लोकांच्या पाहणीत, २०१९ साली, असं दिसलं की आठवड्याला मिळून दोन तास निसर्गात काढणाऱ्यांची तब्येत आणि समाधान दोन्ही बरी. यातल्या बहुतेक फेऱ्या घराच्या आसपासच झालेल्या होत्या. त्याला पॅकेज लागत नाही. बाग लागते, बसायला बाक लागतो, आणि ते दोन तास घरचं कुणीतरी सांभाळावं लागतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत दुर्मीळ.

म्हणून सध्या माझी खटपट चालली आहे ती नर्सेससाठी. रात्रपाळी करणाऱ्या मुलींची एक फेरी, बिनपैशाची. अडचण जंगलाची नाही, ड्यूटी लिस्टची आहे. एकाच वॉर्डातल्या दोघींना एकाच दिवशी सुट्टी मिळणं म्हणजे कठीण काम. मेट्रनबाईंनी आधी विचारलं, "याला ट्रेनिंग म्हणायचं की रजा?" मी म्हटलं, काहीही म्हणा, पण रात्रपाळी उतरल्या उतरल्या पाठवू नका, आधी एक रात्र झोपू द्या. चार वॉर्डांतून दोन-दोन जणी सोडायला त्या तयार झाल्या आहेत. दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार ठरलाय, सकाळच्या कर्जत लोकलने नेरळ. त्या वॉर्डांत त्या दिवशी जास्तीची पाळी करायला माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी तयार होत्या, पण नियमात बसत नाही म्हणे. त्यासाठी मेट्रनबाईंनी अर्ज मागितलाय, तो उद्या नेऊन द्यायचा आहे.